पहिल्या वर्षाच्या मुलांना वगळू नका : ‘कमवा व शिका’बद्दल कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य,
आणि संचालक, विद्यार्थी विकास मंडळ

स. न. वि. वि.

गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयातच तासावर काम आणि त्याचे पैसे देणाऱ्या कमवा व शिका योजनेबद्दलचं आपलं परिपत्रक गेल्या महिन्यात महाविद्यालयांना मिळालं. कागद एका पानाचा आहे आणि त्यात तीन गोष्टी आहेत. प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर विद्यार्थीसंख्या निम्म्यावर आणावी. पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना यंदा योजनेत घेऊ नये. आणि मागच्या सत्राची थकलेली देयके ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ अदा करण्यात येतील. या तिन्हींपैकी एकही मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र. आवक विभागात शिक्का मारून घेतलेली प्रत आपल्याकडे पोहोचली आहेच. पण ज्यांच्या पोटाशी हा विषय आहे ती मुलं आणि त्यांचे आईबाप आपल्या आवक विभागात येत नाहीत, म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी कोण, ते सांगते. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते, तिथूनच निवृत्त झाले. कमवा व शिकाची निम्मी मुलं ग्रंथालयातच कामाला असत, त्यामुळे त्यांच्या हजेरीपत्रकावर विभागप्रमुख म्हणून माझी सही असायची. त्याच्या आधी, ऐंशीच्या दशकात, मी स्वतः याच योजनेवर बी. ए. झाले. वडील सालगडी होते. सकाळी वसतिगृहाच्या बागेत पाणी देणं, वर्ग संपले की ग्रंथालयात पुस्तकं लावणं, असं करून मी तीन वर्षं काढली. म्हणजे हजेरीपत्रकाच्या दोन्ही बाजूंनी मी सही केलेली आहे.

विद्यापीठाचं नाव मी लिहिलेलं नाही. मुद्दामच लिहिलेलं नाही. इतर विद्यापीठांतल्या ग्रंथपालांशी, समन्वयक प्राध्यापकांशी माझं बोलणं होत असतं, आणि हे पत्र थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी लागू पडेल असं त्यांचंच म्हणणं आहे.

सगळ्यात आधी पहिल्या वर्षाबद्दल.

हे कलम कुठून आलं असेल, याचा मला अंदाज आहे. पहिल्या वर्षाची मुलं मध्येच काम सोडतात, हजेरी विस्कळीत होते, हिशेब जुळत नाही, मग लेखापरीक्षक आक्षेप काढतात. हे खरं आहे. ती मुलं सोडतात. पण का सोडतात, हे विचारायला आपण एखाद्याला पाठवलं असतं तर परिपत्रक उलटं निघालं असतं. बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या चालतात, मूल गाव सोडून येतं. खोलीचं डिपॉझिट, मेसचं आगाऊ, प्रवेशाची रक्कम, परीक्षा फी, सगळं पहिल्या दोन महिन्यांतच भरायचं असतं. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज त्यानंतर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून सेतू केंद्राच्या खेपा. जातवैधता नसेल तर वेगळीच पायपीट. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे सरकायचा, तिथून समाजकल्याणकडे. मंजुरी मिळून खात्यात पैसे पडेपर्यंत मूल दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलेलं असतं, तेही बसलंच तर. म्हणजे खर्च सगळ्यात जास्त आणि मदत काहीच नाही, असा काळ नेमका पहिल्या वर्षाचाच. ही फट बुजवायला आपल्याकडे तातडीची म्हणता येईल अशी एकच योजना होती, आणि नेमकी तीच आपण या मुलांसाठी बंद केलीत.

तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाव कळलेलं असतं. मेडिकलमध्ये संध्याकाळी कोण ठेवून घेतं, कोणाच्या शिकवण्या मिळतात, कोणता मेसवाला उधार थांबतो, हे त्याला माहीत असतं. पहिल्या वर्षाच्या पोराला स्टँडवरून कॉलेजचा रस्ता माहीत असतो. गळती होते ती याच पायरीवर. दिवाळीला गावी गेलेलं मूल परत येत नाही. दोन महिन्यांनी कळतं की ते पुण्याकडे कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर लागलं, किंवा आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबातली मुलं आमच्याकडे भरपूर होती. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, घराला कुलूप लागतं, आणि मुलाला पैसे पाठवणारं मागे कोणीच उरत नाही. नेमक्या त्या दिवसांत त्याला हातात थोडी कमाई हवी असते.

आता थकबाकी. माझ्या मते खरा रोग हाच आहे.

दरवर्षी 22 सप्टेंबरला आपल्या सभागृहात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि ‘कमवा व शिका’ ही त्यांची देणगी कशी थोर, यावर भाषण होतं. भाषणाला माझी हरकत नाही. पण अण्णांची योजना चालायची कशी, ते एकदा नीट पाहावं. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 साली साताऱ्यात त्यांनी छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, आणि शेतात, बागेत, स्वयंपाकघरात स्वतः काम करायची. मुलांनी भाजी पिकवायची, मुलांनीच ती खायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे तर महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेव्हा हीच रीत महाविद्यालयात आली. या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिथे उधारी मुलांच्या माथी नव्हती. केलेलं काम त्याच दिवशी ताटात यायचं. कमी पडलं तर संस्थेने सोसलं, चालवणाऱ्याच्या घरातलं सोनं गेलं. मुलाला कोणी ‘निधी आला की बघू’ म्हणून उपाशी झोपवलं नाही.

आपल्या योजनेत काय होतं? मुलगा जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज भरतो. मुलाखत, निवड, यादीला मान्यता, यात सप्टेंबर उजाडतो. काम सुरू होतं. महिनाअखेर मी हजेरीपत्रकावर सही करायची, मग समन्वयक, मग प्राचार्य. तीन प्रतींत बिल विद्यापीठात. तिथे एखाद्या रविवारची हजेरी लागलेली दिसली, एखाद्या मुलाच्या पासबुकाची झेरॉक्स पुसट निघाली, की त्या एकट्याचं नाव बाजूला न काढता अख्ख्या महाविद्यालयाचं बिल परत. दुरुस्त होऊन पुन्हा जाईपर्यंत दिवाळीची सुट्टी. नंतर परीक्षा. मग मार्च, आणि मार्चमध्ये विद्यापीठाच्या लेखा विभागाला श्वास घ्यायला फुरसत नसते. सप्टेंबरच्या घामाचे पैसे फेब्रुवारीत मिळाले तर आमच्याकडे ‘यंदा लवकर आले’ असं म्हणत. तिसऱ्या वर्षाचे पैसे निकाल लागल्यावर घ्यायला आलेली मुलं मी पाहिली आहेत. काही आलीच नाहीत, कारण येण्याजाण्याचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी यांचा हिशेब बसत नव्हता.

या चार-पाच महिन्यांत मूल जगतं कसं? उधारीवर. मेसवाल्या काकू, खोलीचे मालक, वर्गातला बरा मित्र, कधी गावातला व्याजाने देणारा. म्हणजे मूल बाहेरून कर्ज काढतं आणि आपलं काम विद्यापीठाला उधार देतं. विद्यापीठ हे शेतमजुरांच्या मुलांकडून बिनव्याजी कर्ज घेतं आहे, कुलगुरू महोदय. याला मी दुसरं काही म्हणू शकत नाही.

माझी आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. त्या दुष्काळातून या राज्याने रोजगार हमी उभी केली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. पुढे 2005 साली केंद्राने कायदा केला, तेव्हा त्यात लिहिलं गेलं की मजुरी आठवड्याला द्यावी, फार तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई, असा नियमही पुढे झाला. प्रत्यक्षात तिथेही मजुरी रखडते, हे मला माहीत आहे. पण मजुराला दाखवायला निदान एक नियम होता. आपल्या हजेरीपत्रकावर राबणाऱ्या मुलाला दाखवायला काय आहे? तोच दर लावून पाहा. 4,000 रुपये शंभर दिवस थकले तर भरपाई 200 रुपये होते. विद्यापीठाला ही रक्कम किरकोळ आहे. ती कोणाच्या खिशातून जाणार, एवढं एकदा ठरलं तरी बिलं आपोआप लवकर हलतील, असा माझा कारकुनीतला अनुभव आहे.

दराबद्दल थोडक्यात. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्याकडे तासाला 45 रुपये होते, आता 55 आहेत. दिवसाला जास्तीत जास्त तीन तास. महिन्यात चोवीस दिवस पूर्ण भरले, म्हणजे एकही सुट्टी, चाचणी, आजारपण आलं नाही, तर 3,960 रुपये होतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारच्या स्वाधार योजनेत मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये धरले आहेत : भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. म्हणजे महिन्याला 5,000 लागतात, हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. आमचं गाव मोठं शहर नाही, तरी मेसचे अडीच-तीन हजार तिथेही लागतातच. आणि 45 चे 55 व्हायला किती वर्षं गेली? त्याच वर्षांत माझा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत होता, मी काही न मागता. दर ठरवणाऱ्यांचा भत्ता आपोआप वाढतो आणि ज्यांच्यासाठी दर ठरतो त्यांना वाट पाहावी लागते, हे मला नोकरीत असतानाही खटकायचं आणि आजही खटकतं.

आता कामाबद्दल, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण हे माझ्या हातून घडलेलं आहे.

ग्रंथालयात नवीन मूल आलं की पहिला आठवडा मी त्याला फक्त कपाटं दाखवायची. 891.46 म्हणजे मराठी साहित्य, हे एकदा कळलं की पोरांना मजा वाटते. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीच्या जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात गेलात तरी आपली मराठी याच आकड्यावर सापडेल, असं सांगितलं की डोळे मोठे व्हायचे. मग दाखलनोंदवही. नवं पुस्तक आलं की क्रमांक घालणं, शिक्का मारणं, पाठीवर लेबल चिकटवणं, खिसा लावणं. मग ‘सोल’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद करणं. एप्रिलमधली साठा-तपासणी ही तर या मुलांशिवाय झालीच नसती. एक जण यादीतला क्रमांक वाचणार, दुसरा कपाटातून पुस्तक काढून ‘आहे’ म्हणणार. तपासणी करताना काही मुलं तिथेच फरशीवर बसून वाचायला लागायची आणि मी कानाडोळा करायची. तो वेळ मी हजेरीत धरला, आणि पुन्हा वेळ आली तरी धरीन. जिने आयुष्यात घरी क्रमिक पुस्तकाशिवाय पुस्तक पाहिलं नव्हतं, अशी एक मुलगी पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन जिल्ह्याच्या गावी नोकरीला लागली. एक जण तलाठी झाला. तो म्हणतो, जुनी दप्तरं क्रमाने लावायची सवय ग्रंथालयात लागली. काम असं असेल तर मदत आणि शिक्षण वेगळं काढावं लागत नाही.

पण योजनेतली सगळी मुलं ग्रंथालयात नसत. उरलेल्यांचं काय व्हायचं, तेही मी पाहत होते. कार्यक्रमाच्या खुर्च्या लावायच्या आणि उचलायच्या. पाहुण्यांना चहा. मैदान झाडणं. पाण्याच्या टाक्या धुणं. मी झाडूला कमी लेखत नाही. मी स्वतः बागेत पाणी दिलं आहे आणि अण्णांच्या बोर्डिंगमध्ये तर मुलं काय नाही करत होती. फरक असा की तिथे सगळेच झाडत होते. इथे वर्गातली बाकीची मुलं कट्ट्यावर बसलेली असतात आणि त्यांच्यासमोर गरिबाच्या पोराने मैदान झाडायचं असतं. एखाद्या साहेबांच्या घरी गॅसचं सिलिंडर पोहोचवायला, त्यांच्या मुलाला शाळेतून आणायला पाठवलेलीही मुलं मला माहीत आहेत. ते तासही हजेरीपत्रकावर ‘कार्यालयीन काम’ म्हणून लागले.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती उघड बोलली जात नाही. अनुदानित महाविद्यालयांत शिपायांच्या, प्रयोगशाळा परिचरांच्या, ग्रंथालय परिचरांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. शासन भरती करू देत नाही. मग काम कोण करणार? तासाला 55 रुपयांची मुलं. माझ्याकडचे परिचर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि प्राचार्यांनी मला सांगितलं, ‘मॅडम, कमवा व शिकाची दोन मुलं वाढवून घ्या.’ घेतली, दुसरा इलाज नव्हता. पण यातून विद्यार्थ्याला मदत म्हणून आलेली योजना हळूहळू महाविद्यालयाची गरज भागवणारी योजना होते. आणि एकदा तसं झालं की निवड करताना ‘कोणाला गरज आहे’ याऐवजी ‘कोण कामाचा आहे’ हे पाहिलं जातं. अंगाने किरकोळ मुलगी, किंवा डोळ्याने अधू मुलगा, मुलाखतीतच गळतो. त्यांना टंकलेखन, ध्वनिमुद्रण, दूरध्वनी, चौकशी खिडकी अशी कितीतरी कामं देता आली असती.

मुलींबद्दल वेगळं लिहिते. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय आहे. पण शुल्क माफ झालं म्हणून मेसवाल्या काकू जेवण माफ करत नाहीत, आणि एस. टी. च्या पासात सवलत असली तरी मुक्कामाला खोली लागतेच. मुलींच्या घरचे पहिला प्रश्न करतात : काम कुठे, कधी आणि कोणाच्या हाताखाली? सकाळी सातला मैदानावर किंवा संध्याकाळी सातनंतर रिकाम्या इमारतीत काम, असं सांगितलं की आई म्हणते, राहू दे. वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं ते निराळंच. मुलींची हजेरी कमी का, याची कारणं शोधायला वेगळी समिती नेमण्याची गरज नाही.

आपल्या मध्यमवर्गाची एक गंमत सांगते, थोडं विषयांतर होईल. आमच्या कॉलनीत दोन घरांतली मुलं अमेरिकेत शिकायला आहेत. त्यातला एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर बसतो, दुसरी जेवणघरात ताटं लावते. विद्यार्थी व्हिसावर शिकतानाच्या दिवसांत आठवड्याला वीस तास विद्यापीठाच्या आवारात काम करता येतं. दोघांचे आईवडील हे अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. तेच लोक इथल्या मुलाला झाडू मारताना पाहून ‘बिचारा’ म्हणतात. असो. मुद्दा वेगळा आहे. त्या देशात तिथल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी 1964 च्या कायद्याने सरकारी खर्चातून काम देण्याची योजना सुरू झाली, ती आजही आहे. परदेशी मुलांना ती लागू नाही. तिचा नियम असा की वेतन किमान वेतनाहून कमी देता येत नाही, आणि महिन्यातून निदान एकदा पैसे द्यावेच लागतात. काम देताना मुलाचं वेळापत्रक आणि अभ्यास पाहावा लागतो. तिथेही सगळं आलबेल नाही. जुन्या, श्रीमंत संस्थांच्या वाट्याला जास्त पैसे जातात अशी तक्रार तिथलेच लोक करतात. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे : महिन्यातून एकदा. त्यासाठी अमेरिकेएवढी श्रीमंती लागत नाही.

गैरप्रकारांबद्दल आपण म्हणाल, म्हणून आधीच लिहिते. होतात. कामावर न आलेल्यांची नावं लागतात, पुढाऱ्याच्या पुतण्याची हजेरी भरते, कुठे मुलाकडून अर्धे पैसे परत घेतले जातात. यावर उपाय म्हणून आपण संख्या निम्मी केलीत. म्हणजे चोरी करणारा समन्वयक जागेवरच राहिला आणि खरोखर राबणाऱ्या मुलांपैकी निम्मी बाहेर गेली. खोटी नावं कापली जातील याची खात्री काय? ज्यांच्यामागे कोणी नाही तीच नावं आधी कापली जातात. रोजगार हमीत, रेशनमध्ये चावडी वाचनाची पद्धत आपल्याकडे आहे. यादी गावासमोर वाचायची, लोक सांगतात कोण खरं आणि कोण खोटं. महाविद्यालयाच्या आवारात हे करायला काय अडचण आहे? महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, मागच्या महिन्याच्या कामाचे तास वाचून दाखवा. खोटं नाव असेल तर मुलं तिथल्या तिथे हसतील. फक्त हे वाचन कामाच्या तासांचं असावं, गरिबीचं नसावं. उत्पन्नाचा आकडा कोणाचाही वाचला जाऊ नये, आणि धनादेश वाटपाचे ते फलकासहित फोटो तर कृपा करून बंदच करावेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रथम वर्षाला वगळणारं कलम मागे घ्यावं. इतकंच नाही, तर निवडीत प्रथम वर्षाला अग्रक्रम द्यावा, आणि प्रवेश झाल्यापासून पंधरा दिवसांत काम सुरू व्हावं. उत्पन्नाचा दाखला नंतर जोडता येईल, तोवर विद्यार्थ्याचं स्वयंघोषणापत्र चालावं.

मागच्या सत्राची सगळी देयके हे सत्र संपायच्या आत अदा करावीत. पदवी घेऊन गेलेल्यांचीही, त्यांना हेलपाटा न मारायला लावता, थेट खात्यात.

यापुढे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे मिळावेत. यासाठी मार्ग आहे : प्रत्येक महाविद्यालयाला योजनेसाठी दोन महिन्यांच्या देयकांइतकं खेळतं भांडवल द्यावं. महाविद्यालयाने मुलाला आधी द्यायचं, विद्यापीठाकडून नंतर घ्यायचं. कागद फिरायचा तेवढा फिरू दे, पण त्याची वाट महाविद्यालयाने पाहावी. त्रुटी निघाली तर त्या एका नावापुरतं बिल अडवावं, सगळं नाही. आणि उशीर झाला तर रोज 0.05 टक्के भरपाई.

ताशी दर दरवर्षी जूनमध्ये ठरावा, आपल्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ज्या प्रमाणात वाढतो त्या प्रमाणात. मंजूर संख्या पूर्ववत करावी.

निम्मे तरी तास ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, कार्यालयातली नोंदणी अशा शिकवणाऱ्या कामांचे असावेत आणि त्या कामाचं प्रमाणपत्र मिळावं. कोणाच्याही घरचं काम सांगितलं गेलं तर सांगणाऱ्यावर कारवाई व्हावी. मुलींना वर्गांच्या मधल्या वेळेत, माणसांच्या वर्दळीत असलेलं काम मिळावं. कामामुळे तासिका बुडता कामा नये. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आपणच करता आणि कामाची वेळही आपणच ठरवता.

रिकाम्या जागांचा प्रश्न आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण शासनाला लिहायचं तर आपल्याला आहे. योजनेतली मुलं या जागांना पर्याय नाहीत, हे आपण लेखी कळवावं.

निधी कुठून आणायचा, असा प्रश्न परिषदेत नक्की येईल. आपलं अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होतं, मी ते वाचते. हा विषय कोणत्या रकमेच्या शेजारी छापलेला असतो आणि त्या शेजारच्या रकमा केवढ्या असतात, हे सदस्यांनी येत्या बैठकीआधी एकदा बघून यावं. परीक्षा फी, पात्रता फी, पुनर्मूल्यांकन फी याच मुलांकडून येते.

परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि ठराव काय झाला तो संकेतस्थळावर टाकावा. मला वैयक्तिक उत्तर नको.

विद्यार्थी विकास मंडळाकडे बिलं तपासायला माणसं कमी आहेत, असं तिथूनच कळतं. आमच्या जिल्ह्यात निवृत्त ग्रंथपाल, मुख्य लिपिक, लेखापाल बरेच आहेत. त्यांतल्या काहींशी मी बोलले आहे. महिन्यातले दोन दिवस येऊन हजेरीपत्रकं तपासून द्यायला आम्ही तयार आहोत, मानधन नको, प्रवासखर्चही नको. बसायला टेबल आणि बिलांचे गठ्ठे मिळाले की झालं. कोणत्या तारखेपासून यायचं, तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
(आणि या योजनेची माजी विद्यार्थिनी)